माश्यांचा स्वयंपाक

हौसाच्या पायाची नखं कापली, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. गुडघ्यांमुळं तिला वाकता येत नव्हतं. मार्गशीर्षातली थंड सकाळ. खिडकीतून उन्हाचा जेवढा तुकडा आत आला होता तेवढ्यात ती पाय पसरून बसली, आणि मी समोर पाटावर. तिच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. त्या बोटाची पाळी आली की ती दर वेळी एकच वाक्य बोलायची, ते बोलली, "ह्याला जपून. ह्याच्यावर संसार चाललाय."

"संसार माझ्या पगारावर चालला," मी म्हटलं.

"अन् पगार कुनाच्या हातात असायचा?"

मी पुढच्या बोटाला लागलो. दुपारी जेवण झाल्यावर जरा पडते म्हणाली, आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

आमच्याकडं समज आहे की बाईचं ते बोट लांब असलं तर ती नवऱ्याला वरचढ होते. तिला बघायला आम्ही खराडीला गेलो होतो. खराडी तेव्हा पुण्याबाहेरचं खेडं होतं. माझ्या आत्यानं तिचे पाय निरखून बघितले आणि परत येताना एसटीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी नेक आहे, पण बोट लांब आहे." आई म्हणाली, "असू दे. आमचा शंकर कुणाच्या तरी धाकात राहिलेला बरा." असं आमचं लग्न ठरलं.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीबद्दल लिहायला सांगितलं, आणि मी बायकोच्या पायाबद्दल लिहीत बसलोय. पण संबंध आहे. आमच्या कॉलेजात अनुवंशाचा पहिला तास पायाच्या बोटापासूनच सुरू व्हायचा.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. कागदावर 'प्रयोगशाळा परिचर', तोंडी 'मामा'. शिक्षण सहावी. काम म्हणजे काचसामान धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवणं, बेडूक कापायला परवानगी होती तोवर बेडूक आणणं, आणि माश्या पाळणं. जगात सगळे माश्या मारतात. मला माश्या जगवण्याचा पगार होता.

अनुवंश शिकवायच्या लिमये मॅडम. बारीक अंगाच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत. पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहायच्या नाहीत. म्हणायच्या, "चपला काढा." बी.एस्सी.ची मोठी मोठी पोरं एकमेकांकडे बघायची. मग प्रत्येकानं आपल्या पायाची बोटं बघायची, जीभ नळीसारखी वळते का बघायचं, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली ते शेजाऱ्याला विचारायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईबापाची तपासणी करून यायची. वर्ग हसून लोळायचा. एका वर्षी एका पोरानं मलाच विचारलं, "मामा, मामींचं बोट कसं आहे हो?"

"लांब आहे," मी म्हटलं. "म्हणून तर मी सुटल्यावर सरळ घरी जातो."

मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "ही नुसती गंमत आहे हं. जीभ आणि बोटं इतकी सरळ चालत नाहीत, पुस्तकात काहीही छापलेलं असू दे. सरळ चालणारी गोष्ट बघायची असेल तर मामांच्या माश्या बघायच्या."

आपण म्हणतो, पोरगं आईच्या वळणावर गेलं. मॅडम सांगायच्या, हे वळण शरीरात लिहून ठेवलेलं असतं. त्या सगळ्या लिखाणाला डीएनए म्हणायचं, आणि त्यातल्या एकेका वाक्याला जनुक. बहुतेक वाक्यं आपल्याकडं दोनदा असतात, एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. दोन्ही जुळली तर प्रश्न नाही. जुळली नाहीत तर पुष्कळदा एक चालतं आणि एक गप्प राहतं. पुस्तकातले शब्द प्रभावी आणि अप्रभावी.

दिवसभर जे कानावर पडायचं ते मी संध्याकाळी हौसाला सांगायचो. ती मेथी निवडत ऐकायची. हे ऐकून म्हणाली, "म्हंजी एक बोलतं अन् एक गप बसतं. घराघरात हायच की ते." मग चार काड्या निवडून झाल्यावर, "पर गप बसलेलं जातं का कुठं?"

"जात नाही. तसंच पुढच्या पोरात उतरतं. दोन गप्पवाले एकत्र आले की मग दिसतं."

"मग झोपलंय म्हणा की."

आमच्या घरात त्या दिवसापासून तोच शब्द राहिला.

कांद्यातून डीएनए काढायचं प्रॅक्टिकल असतं. कांदा वाटायचा, त्यात मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी घालायचं, गाळायचं, आणि नळीच्या कडेनं बर्फात गार केलेलं स्पिरिट हळूच सोडायचं. मग थांबायचं. खालच्या गढूळ पाण्यातून वरच्या निवळ स्पिरिटमध्ये पांढरे तंतू चढायला लागतात. पहाटे नदीवर धुकं उचलतं तसे. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप नसतं ती पोरंही त्या वेळी गप्प होतात. एकदा मी ती नळी बूच लावून घरी आणली. हौसानं खिडकीत धरली.

"हे माझ्यातबी हाय?"

"आहे."

"असंच?"

"असंच. फक्त कांद्याचा वास नाही."

तिला हसू आलं नाही. नळी तिरकी करून, सरळ करून बघत राहिली. ते तंतू आत हलायचे आणि त्यांचा उजेड तिच्या गालावर हलायचा. भाजी तशीच राहिली. नळी किती वेळ तिच्या हातात होती ते मला सांगता यायचं नाही, आणि डोळे मिटले की अजूनही ती तिथंच खिडकीत उभी असते.

आता माश्या. केळं जास्त पिकलं की ज्या बारीक माश्या भिरभिरतात, ज्यांना आपण चिलटं म्हणतो, त्याच या. कॉलेजात त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. हौसा शेवटपर्यंत चिलटंच म्हणाली. माणसाचा नातू बघायला अर्धं आयुष्य लागतं, चिलटाचा नातू महिन्याभरात दिसतो. शिवाय खायला फार लागत नाही. त्यांचे डोळे विटकरी लाल असतात, पण आमच्याकडं एक वाण पांढऱ्या डोळ्यांचा होता. त्यांना अंधुक दिसतं. सावकाश चालतात, स्वप्नातल्यासारख्या. पांढऱ्यांची आणि लालांची लग्नं लावायची, पोरं-नातवंडं मोजायची, आणि कुणाचे डोळे कुणाकडून आले ते शोधायचं, हे सगळं प्रॅक्टिकल.

मोजताना माश्यांना ईथरची गुंगी द्यावी लागते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्या निजलेल्या असतात आणि पोरं चित्रकलेच्या ब्रशानं त्यांना एकेक करून बाजूला सारतात. ईथरचा तो गोडूस वास माझ्या सगळ्या शर्टांना होता. हौसा म्हणायची, "तुमी आलात की मला झोप येती."

मोजून झालं की माश्या तेलात टाकायच्या, म्हणजे मारायच्या. एका वर्षी एक जैन मुलगी होती, तिला ते जमेना. ती हळूच खिडकी उघडून माश्या सोडून द्यायची. खिडकीखाली कँटीन. कँटीनवाला जिना चढून वर आला आणि माझ्याच अंगावर ओरडला, "मामा, तुमची नातवंडं माझ्या चहात पोहतात!"

"पोहू द्या," मी म्हटलं. "मुलांपेक्षा त्या कमी आवाज करतात."

माश्यांना जेवण लागतं. मक्याचा रवा, गूळ, यीस्ट, आणि घट्ट व्हायला चायना ग्रास, हे पाण्यात शिजवायचं. बुरशी धरू नये म्हणून शेवटी एका उग्र वासाच्या औषधाचे थोडे थेंब टाकायचे आणि गरम आहे तोवर बाटल्यांत ओतायचं. बाटल्या दुधाच्या, जाड काचेच्या. दूध पिशवीत आलं तेव्हा त्या आमच्याकडं उरल्या. तोंडाला कापसाचा बोळा. माश्या त्या घट्ट शिऱ्यावर अंडी घालतात, अळ्या त्यातच पोसतात, त्यांचे कोष काचेला चिकटतात. जुनं जेवण पाणचट व्हायच्या आत मोठ्या माश्या नव्या बाटलीत हलवायच्या, नाहीतर त्या त्यातच चिकटून मरतात. एवढीच विद्या.

एकदा परीक्षेच्या तोंडावर प्रयोगशाळेतला गॅस संपला. मी सामान घरी आणलं. कसबा पेठेत आमच्या दोन खोल्या. हौसाला म्हटलं, एवढं शिजवून दे. तिनं शिजवलं आणि सवयीनं बोटावर घेऊन चाखलं.

"विलायची घालू का?"

"अगं, माश्यांना आहे."

"मग काय झालं?"

गुळाचा वास सगळ्या मजल्यावर गेला. शेजारच्या कुलकर्णीकाकू वाटी घेऊनच दारात आल्या. "काय हो, आज गोडाचं काय केलंत?" हौसानं खरं होतं ते सांगितलं, "चिलटांचं हाय." काकूंना वाटलं, द्यायचं नाही म्हणून टोमणा मारला. होळीपर्यंत बोलल्या नाहीत. होळीला हौसा पुरणपोळी घेऊन गेली आणि म्हणाली, "ही मानसांची हाय." तेव्हा कुठं मिटलं.

कॉलेजातल्या शेगडीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानंतर माश्यांचा स्वयंपाक आमच्याच घरी व्हायला लागला. आणि उन्हाळ्यात तर माश्याही. पुण्याच्या वैशाखात त्या टिकत नाहीत, नर वांझ होतात. सुट्टी लागली की मी काही बाटल्या घरी आणायचो आणि हौसा त्या माठाशेजारी ओल्या गोणपाटात बसवायची. दुपारी सगळी पेठ निजलेली. गोणपाटातून पाणी ठिबकतंय. माठाजवळच्या गार फरशीवर हौसा कुशीवर पडून बाटल्यांकडे बघतेय. मी विचारायचो, काय बघतेस एवढं.

"काय नाय. आमच्या हिरीवर अशीच सावली असायची."

खराडीत पुढं आयटीच्या कंपन्या आल्या. मेव्हण्यानं जमीन विकली, विहीर बुजली, तिथं काचेची इमारत झाली. हौसा एकदा रिक्षातून जाऊन बघून आली. रडली वगैरे नाही. रात्रीच्या भाकरी करताना म्हणाली, "आत दिसभर गार असतं म्हनं. हिरीचंच पानी खाली असंल अजून. झोपलेलं."

आम्हाला मूल झालं नाही. तपासण्या केल्या, नवस केले, मग दोन्ही सोडून दिलं. तिच्या माहेरच्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, वंश खुंटला. मी असताना बोलल्या असत्या तर मी त्यांना उत्तर दिलं असतं. पण त्या मी नसतानाच बोलायच्या. हौसानं त्यावर एकदाच तोंड उघडलं, तेही बाटली बदलताना, माझ्याकडं न बघता. "माझ्या हातून ह्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील वो?" मी हिशोब मांडायला लागलो. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई झाल्या, बास." तेव्हा मला कळलं की पांढऱ्या डोळ्यांचा वाण कॉलेजचा नाही, तिचा आहे.

तो वाण एकदा आम्ही गमावलाच होता. तसा उन्हाळा पुन्हा बघितला नाही. घरी आणलेल्या बाटल्यांपैकी एकच जगली. हौसाला माठाच्या फडक्यावर एक चिलट बसलेलं दिसलं. तिला वाटलं, आपल्यातलंच बाहेर राहिलं. तिनं ते अलगद पेल्याखाली धरलं, बोळा काढला आणि आत घातलं. मला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला त्यात काही वाटलंच नाही. दोन आठवड्यांनी मी बाटली उजेडात धरली, तर पांढऱ्या डोळ्यांच्या गर्दीत लाल डोळे.

"आत कुणी काय घातलं?"

"मी घातलं. भाईर बसलं होतं लेकरू."

"अगं, ते आपलं नव्हतं! केळ्यावरचं होतं कुठलंतरी!"

"त्याच्या कपाळावर लिवलं होतं का तसं?"

मी बाटली घेऊन मॅडमच्या घरी निघालो. हौसाही मागोमाग आली, पदर डोक्यावरून घेऊन, पोलीस चौकीत निघाल्यासारखी. मॅडमनी माश्यांना गुंगी दिली, कागदावर ओतल्या, भिंग लावलं. ब्रशानं एकेक उलटून बघितली. मग म्हणाल्या, "मामी, अशा इकडे या. लाल डोळ्यांच्या आहेत त्या सगळ्या माद्या आहेत बघा. नवीन जन्मलेला एकही नर लाल नाही. दिसतंय?"

त्यांनी समजावलं ते असं. डोळ्यांच्या या रंगाचं जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. मादीकडं एक्स दोन, नराकडं एकच, आणि नराला त्याचा तो एकुलता एक एक्स आईकडूनच येतो. म्हणून पांढऱ्या डोळ्यांच्या आईचा मुलगा पांढऱ्या डोळ्यांचाच, बाप कुणी का असेना. मुलीला मात्र एक आईचा आणि एक बापाचा मिळतो. बाहेरचा लाल डोळ्यांचा बाप आत शिरला, म्हणून त्याच्या मुली लाल झाल्या.

"म्हंजी माझी पांढरी गेली," हौसा म्हणाली.

"जातील कशी? आईकडचे पांढरे डोळे या प्रत्येक लाल मुलीच्या आत आहेत. अप्रभावी आहेत, एवढंच."

"झोपलेत."

मला वाटलं मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. भिंग बाजूला ठेवून हौसाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हो, झोपलेत. हिला मुलं होऊ द्या, निम्मे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघतील. मग विचारा मला."

निघाले. आम्ही पांढरे पांढरे वेचून नवी बाटली केली, आणि वाण परत उभा राहिला. हौसानं सगळ्या पेठेत सांगितलं की बाईंच्या हाताला गुण आहे. पुढं दर वर्षी मॅडम वर्गात तोच घोटाळा मुद्दाम घडवून आणायच्या. एका वर्षी मुळशीकडच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे माणसातही मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं? आईच्या हातात नाही?"

"बापाकडून ठरतं. हातात कुणाच्याच नाही."

ती मुलगी तास संपल्यावर तशीच बसून राहिली. मी बाक पुसायला गेलो तर म्हणाली, "मामा, हे आमच्या आजीला कोण सांगणार?" मी म्हटलं, "तू." ती म्हणाली, "तुम्ही आमची आजी बघितली नाही."

मग दिवस बदलले. बायोटेक नावाची नवी शाखा आली, फी मोठी, खोलीला एसी. आमची कितीतरी पोरं माश्या मोजून शिकली आणि हिंजवडीला संगणकापुढं जाऊन बसली. मी निवृत्त झालो, माझ्या जागी कंत्राटी शिपाई आले. ते टिकायचे नाहीत, म्हणून मॅडम म्हणाल्या, "मामा, दोन बाटल्या तुमच्या घरी असू द्या. मला झोप लागेल." तशा त्या राहिल्या. नवे विभागप्रमुख आले, त्यांनी संगणकावरच्या माश्या आणल्या. एक बटण दाबलं की लग्न, दुसरं दाबलं की नातवंडं. मी मुद्दाम जाऊन बघितलं. वाईट नव्हतं. गणित पोरांना पटकन कळत होतं. वास नाही, स्वयंपाक नाही, आणि कुणाला मारावं लागत नाही, ती जैन मुलगी खूश झाली असती.

सरांनी मॅडमना सरळ सांगितलं, या वर्षी जिवंत माश्यांचं प्रॅक्टिकल झालं तर पुढं चालू ठेवू, नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळं संगणकावर. आणि दिवाळीच्या सुट्टीत पेस्ट कंट्रोलवाल्याचा माणूस आला. त्यानं सगळ्या खोल्या फवारल्या, माश्यांची खोलीसुद्धा. त्याला दोष काय द्यायचा? त्याला माश्या दिसल्या, त्यानं मारल्या. आयुष्यात एवढं मनापासून काम त्यानं तेव्हाच केलं असेल.

मॅडमचा फोन आला. "मामा, सगळ्या गेल्या हो. लाल डोळ्यांच्या पुन्हा धरता येतील. पांढऱ्या?"

मी फोन हौसाकडं दिला.

"हायेत, बाई. दोन बाटल्या. तुमी काळजी करू नका."

दुसऱ्या गावाहून वाण मागवता येतो, नाही असं नाही. पण सर त्याला परवानगी देणार नव्हते हे मॅडमना माहीत होतं. आणि हौसाला तो दुसरा वाण नकोच होता. या दोन बाटल्या गेल्या असत्या तर प्रॅक्टिकल गेलं असतं आणि तिच्या हातचा वाणही. थंडीत माश्या गारठतात, म्हणून तिनं दोन्ही बाटल्या गॅसवरच्या फळीवर ठेवल्या, जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून. स्वयंपाक करताना वाफ लागायची, ऊब राहायची. मला म्हणायची, "फोडणी मोठी दिली की चिलटं नाचत्यात बघा."

नखं कापली त्या दिवशी बाटल्या बदलायच्या होत्या. जेवताना ती म्हणाली, "जरा पडते. उठले की चिलटांचं शिजवू." ते राहिलं.

संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो. माझी थोरली बहीण, आक्का, चाकणहून आली होती, ती घरात राहिली. कुलकर्णीकाकूंनी पिठलं-भात पाठवला, कारण गमी झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. चूल आता कुणाकडं आहे? पण गॅसलाही तोच नियम.

प्रॅक्टिकल पुढं झालं. पोरांनी लाल-पांढरे मोजले, कुणाचं गणित जुळलं, कुणाचं नाही. ते मॅडम माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला दुसऱ्या सकाळचं सांगायचंय.

जाग आली तेव्हा वाटलं, ती उठून कामाला लागलीय. पातेल्याचा आवाज आल्यासारखा झाला, गूळ फोडल्यासारखा. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. छान वाटत होतं. मग कळलं की आवाज येत नाहीये, मीच तो ऐकतोय. घर गार पडलं होतं. आक्का भिंतीला टेकून माळ ओढत होती.

मी उठलो, तोंड धुतलं आणि फळीवरची गोधडी सोडली. रात्रभर ऊब नसल्यानं माश्या काचेवर चढल्या नव्हत्या. खालचं जेवण पाणचट होऊन कडेनं सुटलं होतं, आणि त्याच्या काठाला त्या गोळा झाल्या होत्या. थोड्या आत चिकटल्याही होत्या. बाकीच्या सकाळ काढतील, दुपार काढतील असं वाटेना. मी गूळ खाली काढला, मक्याच्या रव्याचा डबा काढला, पातेलं घेतलं.

"आरं शंकर, काय करतुस?"

"जेवण करतोय."

"शेजारनीनं पव्हं पाठवलंत की."

"माझं नाही. माश्यांचं."

आक्काची माळ थांबली. तिला वाटलं असेल, हा गेला कामातनं. मग तिनं मला लहानपणी समजवायची तसं समजवायला घेतलं. "आज चूल पेटवत नसत्यात, बाळा. ठावं हाय ना तुला?"

"ठाऊक आहे."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांनी खायचं नाहीये."

"पर कुनाच्या म्हनायच्या ह्या? कालिजाच्या का?"

मी काडी ओढली. "हौसाच्या."

गॅस लागला. आक्का माझ्या पाठीमागं नुसती बसून होती. पाण्याला आधण आलं तसं मी रवा सोडला आणि ढवळायला लागलो. हे कॉलेजात मी कितीदा केलेलं होतं, पण हात त्या दिवशी माझा नव्हता. गुठळ्या झाल्या. हौसाच्या हातचं असं होत नसे. चमच्यानं दाबून फोडल्या, तरी काही राहिल्याच. माश्यांना ते कळलं असेल तर त्यांनी बोलून दाखवलं नाही.

गुळाचा वास सुटला. जिन्यात कुणीतरी थांबल्यासारखं वाटलं. मी दार लावलं नाही.

औषधाचे थेंब टाकले, बाटल्या भरल्या, आणि त्या निवायला ओट्यावर ओळीनं मांडल्या. काचेवरची वाफ पूर्ण जाईपर्यंत माश्या आत सोडायच्या नसतात, ओल्या काचेला चिकटतात. त्यामुळं थांबणं आलं. मी गॅस बंद करायला हात पुढं केला, तर आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली.

"पेटलाच हाय," ती म्हणाली, "तर च्याचं आधन ठिवते."

आम्ही दोघांनी चहा घेतला. पोहे गार झाले होते, तेही खाल्ले. बाटल्यांवरची वाफ सावकाश खाली उतरत गेली, काच निवळ होत गेली. मग मी जुन्या बाटलीचा बोळा काढला, नवीचं तोंड तिच्या तोंडाला लावलं, दोन्ही मिळून उलट्या केल्या आणि तळहातानं हळूहळू ठोकलं. माश्या खाली पडल्या. नवीन जेवण अजून कोमट होतं. थोडा वेळ तशाच पडून राहिल्या, मग एकेक करून काचेवर चढायला लागल्या. दुसरी बाटलीही तशीच केली. बोळे घट्ट बसवले.

बाटली बदलली की वर चिकटपट्टी लावून तारीख टाकायची असते. पेन हातात घेतलं तेव्हा कालचीच तारीख मनात होती. मी आजची टाकली.